उजव्या कोपऱ्यातली पट्टी

प्रत्येक पानाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात,
नखाएवढी काळी पट्टी.
तिच्यावर एकच आकडा: पान उघडायला किती मिलिसेकंद लागले.
पेट्या नोंदवणाऱ्यांना ती दिसत नाही,
दिसते आम्हाला,
आणि आम्ही तिच्याकडे बघतो
तारीख ठाऊक असताना कॅलेंडरकडे बघावं तसं.

गायधनी मॅडमनी लिहिलेली. नऊ वर्षं झाली.
अंबडचं जुनं ऑफिस, शेजारच्या शेडमध्ये
पत्रा दाबायचं मशीन दिवसभर धाड धाड,
टेबलावरचा चहा वर्तुळं काढायचा.
फाइलचं नाव मोजपट्टी.
पहिल्याच ओळीत शेरा:
मोजणाऱ्याने वाटेत उभं राहू नये.
आता त्या पुण्यात असतात, फोन उचलतात,
कोडचं विचारलं की हसतात,
अगं, अजून चालू आहे ते?

चालू आहे. म्हणजे मी चालू ठेवते.
फ्रेमवर्क बदललं की पहिली रुसते ती हीच.
दिवाळीत सर्व्हरची डिस्क भरली,
शोधत गेले तर हिनेच भरलेली,
पहिल्या दिवसापासूनचा एकेक क्लिक
आहेराच्या वहीसारखा जपलेला,
कोण आलं, किती वाजता, काय घेऊन.
एका रविवारी बंद करून पाहिली:
पान अकरा मिलिसेकंदांनी हलकं झालं.
तागडीलाही वजन असतं,
ते कोण धरतं हिशेबात.

मार्च. दिंडोरी, मोहाडी, पिंपळगाव,
पॅकहाउसांच्या दारात कंटेनर गुरगुरत उभे,
तपासणीचा अहवाल चढल्याशिवाय हलायचं नाही.
पट्टी हिरवीगार. सरासरी चारशे वीस.
आणि फोनवर उगावचे निवृत्ती ढोमसे:
‘ताई, चाक फिरतंय नुसतं.
दोनदा बंद केलं, परत लावलं.
शेवटी वहीत लिहून घेतलं सगळं.’
मी म्हटलं, आमच्याकडे तर हिरवं दाखवतंय.
ते गप्प झाले.
मागे कुणीतरी चिकटपट्टी फाडत होतं, चर्र, चर्र.

रात्री कोड उघडला.
पान पूर्ण उघडलं की मगच नोंद, असं होतं ते.
मधेच कंटाळून उठला
तो आलाच नव्हता.
नऊ वर्षांची सरासरी,
सगळी पोचलेल्यांची.

घरी जाताना गाडी रामकुंडाकडे वळवली, उगीच.
मार्चचं पाणी, घोट्याएवढं.
दुतोंड्या मारुती कोरडा, शेंदूर उन्हानं तडकलेला.
गावात पूर आला की सेंटीमीटर कोण विचारतं,
मारुतीच्या कुठवर? गुडघा, कंबर, छाती.
भर वाटेत उभा आहे तो.
मॅडमना फोन लावावासा वाटला,
साडेअकरा वाजले होते.

सात ओळी वाढवल्या.
कुणी दार वाजवलं की आधी एक टिंब टाकायचं,
पान उघडलं की पुसायचं.
राहिलेलं टिंब म्हणजे निघून गेलेला माणूस.

सकाळी दहाला पट्टी लालभडक.
कर्डिले सर चष्मा कपाळावर ठेवून धावत आले:
‘काल रात्री काय केलंस? सिस्टीम बसली!’
म्हटलं, पाणी कालच्याइतकंच आहे, सर.
‘कसलं पाणी? आधी ते लाल काढ.’

लाल काढायला तीन दिवस लागले.
एका तक्त्याला सूची नव्हती, बस.
प्रत्येक अहवालासाठी सगळा हंगाम पहिल्यापासून चाळला जायचा.

चौथ्या दिवशी ढोमसे:
‘उघडतंय. वहीतलं चढवू का आता?’
चढवा म्हटलं, आणि बघत बसले
एकेक टिंब उमटताना, पुसलं जाताना.
चौतीस नोंदी.
मधेच एकदा थांबले बराच वेळ,
पाणी प्यायला गेले असतील.

मॅडमच्या शेऱ्याला हात लावला नाही.
पट्टीचं स्वतःचं वजन आता चौदा.